ब्लॅकवेल आणि विंडरमियर जेटी : सरोवरकाठची दोन संग्रहालये प्रथमच पाहणाऱ्यांसाठी

इंग्लंडच्या वायव्येला, कंब्रिया परगण्यात, विंडरमियर सरोवराच्या पूर्व काठावर दोन संग्रहालये एकमेकांपासून चार-पाच किलोमीटरांच्या आत आहेत. पहिले ब्लॅकवेल. हे 1898 ते 1900 या काळात बांधलेले सुट्टीतले निवासस्थान असून त्यातील लाकूडकाम, गिलावा, काचकाम आणि धातुकाम हेच तिथले मुख्य प्रदर्शन आहे. दुसरे विंडरमियर जेटी. तिथे सरोवरावर चालवल्या गेलेल्या वाफेच्या, शिडाच्या, वल्ह्यांच्या आणि मोटरच्या बोटी जतन केल्या आहेत. दोन्ही संग्रहालये लेकलंड आर्ट्स ही एकच धर्मादाय संस्था चालवते. लेक डिस्ट्रिक्ट या सरोवरांच्या डोंगराळ प्रदेशाला जाणारे आपल्याकडचे बहुसंख्य प्रवासी विंडरमियरच्या काठावरच्या बोनेस गावाच्या धक्क्यावर उतरतात, बोटीतून एक फेरी मारतात, आइस्क्रीम खातात आणि पुढच्या गावाला निघतात. ज्यांच्या हाती एक पूर्ण दिवस आहे आणि ज्यांना हातांनी घडवलेल्या वस्तूंविषयी मनापासून ओढ आहे, त्यांनी हा दिवस या दोन ठिकाणी कसा घालवावा, हे क्रमाने सांगण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. घर आधी पाहावे आणि बोटी नंतर. घरात डोळ्यांना जी सवय लागते, ती घेऊन बोटींपाशी गेले की त्या निव्वळ जुनी वाहने वाटत नाहीत. ज्या पैशातून, ज्या हौसेतून आणि ज्या दर्जाच्या कारागिरीतून ते घर उभे राहिले, त्यातूनच या बोटीही निघाल्या, हे तिथे उभ्या उभ्या उमगते.

जाण्यापूर्वी एवढे माहीत असावे

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये आर्ट्स अँड क्राफ्ट्स नावाची चळवळ उभी राहिली. कारखान्यातून निघणाऱ्या एकसारख्या मालामुळे वस्तूचा कस उतरतो आणि ती करणाऱ्या माणसाचा कामातला आनंदही हिरावला जातो, असे तिच्या प्रवर्तकांचे म्हणणे होते. विचारवंत जॉन रस्किन यांनी या विचाराचा पाया घातला आणि विल्यम मॉरिस यांनी तो भिंतीवरच्या कागदापासून गालिच्यापर्यंत प्रत्यक्षात उतरवून दाखवला. रस्किन 1872 पासून याच प्रदेशात, कॉनिस्टन सरोवराच्या काठी ब्रँटवुड येथे राहत होते. 1900 साली तिथेच त्यांचे निधन झाले, आणि त्याच सुमारास ब्लॅकवेलचे काम पुरे होत होते.

या चळवळीचा एक धागा मुंबईपर्यंतही येतो. 1865 मध्ये सर जे. जे. कलाशाळेत वास्तुशिल्प शिकवण्यासाठी आलेले जॉन लॉकवुड किपलिंग हे चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्स यांचे साडू होते, आणि बर्न-जोन्स हे मॉरिस यांचे आयुष्यभराचे स्नेही व सहकारी होते. क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशद्वारांवरील शेतकऱ्यांची आणि बाजाराची उठावशिल्पे किपलिंग यांनीच घडवली. इमारतीचा प्रत्येक भाग स्थानिक कारागिराच्या हातून सजावा, ही दृष्टी क्रॉफर्ड मार्केट आणि ब्लॅकवेल या दोन्ही ठिकाणी आहे. ज्यांनी मुंबईतील ती शिल्पे थांबून पाहिली आहेत, त्यांना ब्लॅकवेलमध्ये परकेपणा वाटणार नाही.

सरोवराचीही थोडी माहिती हवी. विंडरमियर हे इंग्लंडमधील सर्वांत मोठे नैसर्गिक सरोवर असून ते उत्तर-दक्षिण साधारण 17 किलोमीटर लांब पसरले आहे. 1847 मध्ये रेल्वे येथे पोहोचली. त्याआधी कवी वर्ड्‌स्वर्थ यांनी त्या मार्गाला जाहीर विरोध केला होता. मार्ग झालाच, आणि त्याबरोबर मँचेस्टर, लँकेशायर आणि बॅरो हे औद्योगिक बंदर येथील उद्योगपती आले. कापूस, लोखंड आणि बिअर यांतून मिळवलेला पैसा काठावरच्या बंगल्यांत आणि पाण्यावरच्या बोटींत ओतला गेला. हा सगळा प्रदेश 1951 पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि 2017 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

पहिली पायरी : दिवस निवडणे आणि वेळा तपासणे

दोन्ही संग्रहालयांच्या उघडण्याच्या वेळा ऋतुमानानुसार बदलतात, आणि वेळोवेळी प्रदर्शन बदलण्यासाठी किंवा देखभालीसाठी काही भाग बंद ठेवला जातो. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी संस्थेच्या संकेतस्थळावर वेळा, तिकिटांचे दर आणि दोन्ही ठिकाणांसाठी मिळून काही सवलत आहे का, हे पाहून घ्यावे. जुन्या प्रवासवर्णनांतील किंवा ओळखीच्या माणसाने दोन वर्षांपूर्वी सांगितलेल्या दरांवर विसंबू नये.

मे ते सप्टेंबर हा काळ सोयीचा. जूनमध्ये तिथे रात्री साडेनऊनंतरही उजेड असतो. डिसेंबरात मात्र चार वाजण्याच्या आतच सूर्य मावळतो, आणि ब्लॅकवेलचे सौंदर्य बव्हंशी खिडकीतून येणाऱ्या उजेडावर अवलंबून असल्यामुळे हिवाळ्यात जाणाऱ्याने सकाळी दार उघडताच आत असावे. पावसाविषयी सांगायचे तर लेक डिस्ट्रिक्ट हा इंग्लंडमधला सर्वाधिक पावसाचा भाग आहे. आपल्याकडे पाऊस चार महिन्यांत येऊन जातो. तिथे तो वर्षभर, केव्हाही आणि बहुधा बारीक पडत राहतो. छत्री वाऱ्यापुढे टिकत नाही, तेव्हा टोपीचे जलरोधक जाकीट आणि तळ न घसरणारे बूट घ्यावेत. पावसाचा दिवस निघाला म्हणून बेत रद्द करण्याचे मात्र काहीच कारण नाही. दोन्ही संग्रहालयांतील पाहण्यासारखे बहुतेक सारे छताखाली आहे.

दुसरी पायरी : पोहोचणे

लंडनहून येणाऱ्यांनी यूस्टन स्थानकातून ग्लासगोच्या दिशेने जाणारी गाडी धरावी आणि ऑक्सनहोम येथे उतरावे. हा प्रवास साधारण पावणेतीन ते तीन तासांचा आहे. ऑक्सनहोमहून केंडल, बर्नसाइड आणि स्टेव्हली या स्थानकांवरून जाणारा छोटा फाटा वीस मिनिटांच्या आसपास विंडरमियरला आणून सोडतो. मँचेस्टरहून काही गाड्या थेट विंडरमियरपर्यंत येतात, त्यामुळे मँचेस्टर परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा एका दिवसाचा बेत सहज जमण्यासारखा आहे. मोटारीने येणाऱ्यांनी एम-6 महामार्ग 36 क्रमांकाच्या वळणावर सोडून विंडरमियरचा रस्ता धरावा.

येथे नवख्या माणसाचा एक गोंधळ हमखास होतो. विंडरमियर हे सरोवराचे नाव आहे आणि गावाचेही. पण विंडरमियर गाव आणि त्याचे रेल्वे स्थानक पाण्यापासून दूर, चढावर आहे. पाण्याच्या काठावर आहे ते बोनेस. स्थानकापासून बोनेसचा धक्का सुमारे अडीच किलोमीटर उताराचा आहे, आणि 599 क्रमांकाची बस स्थानकाबाहेरूनच तिकडे जाते. ब्लॅकवेल बोनेसच्या दक्षिणेला साधारण अडीच किलोमीटरवर टेकडीच्या अंगावर आहे. विंडरमियर जेटी (पुढे नुसते जेटी) बोनेसच्या उत्तरेला सुमारे एक किलोमीटरवर, रेरिग रस्त्याला लागून थेट पाण्याशी आहे. म्हणजे बोनेस मध्ये ठेवून दोन विरुद्ध दिशांना जावयाचे आहे.

जेटीपर्यंत बोनेसहून चालत जाणे सोपे आहे. ब्लॅकवेलचा रस्ता मात्र अरुंद, वळणांचा आहे आणि सर्वत्र पदपथ नाही. लहान मुले किंवा वयस्क मंडळी बरोबर असतील तर स्थानकावरून किंवा बोनेसहून टॅक्सी करावी आणि परतीची वेळ चालकाशी तेव्हाच ठरवून घ्यावी, कारण टेकडीवर ऐनवेळी टॅक्सी मिळेल याची खात्री नसते. स्वतःची मोटार असेल तर हा प्रश्नच उरत नाही, ब्लॅकवेलला वाहनतळ आहे.

तिसरी पायरी : ब्लॅकवेल बाहेरून

आत शिरण्याची घाई करू नये. घराचा पसारा मोठा असला तरी तो दिमाख मिरवत नाही. पांढऱ्या खरबरीत गिलाव्याच्या भिंती, वेस्टमोरलंड या जुन्या परगण्यातल्या स्थानिक पाटीदगडाचे उतरते छप्पर, दगडी चौकटींच्या खिडक्या आणि गोल नळकांड्यांसारखी उंच धुराडी, एवढाच त्याचा बाह्य साज आहे. ही गोल धुराडी या भागातील जुन्या शेतघरांवरही दिसतात, आणि वास्तुकाराने ती तिथूनच उचलली.

वास्तुकार होते मॅके ह्यू बेली स्कॉट. हे घर आखले तेव्हा ते तिशीत होते आणि आइल ऑफ मॅन बेटावर राहून काम करत होते. मालक एडवर्ड होल्ट हे मँचेस्टरच्या मद्यनिर्मिती व्यवसायातले. पुढे ते दोनदा त्या शहराचे लॉर्ड मेयर झाले. त्यांना राहण्यासाठी कायमचे घर नको होते. सुट्टीत कुटुंबासह येऊन राहण्याची जागा हवी होती. यामुळे बेली स्कॉट यांना प्रयोगाची बरीच मोकळीक मिळाली.

दक्षिणेच्या गच्चीवर उभे राहून एक गोष्ट नीट पाहावी. सरोवर पश्चिमेला आहे, पण घराचा लांब दर्शनी भाग दक्षिणेकडे तोंड करून आहे. त्या थंड मुलखात देखाव्यापेक्षा सूर्यप्रकाश अधिक मोलाचा, असा हा निर्णय आहे. दिवाणखाना आणि भोजनगृह यांना ऊन दिले आहे आणि देखावा एका खास खोलीसाठी राखून ठेवला आहे. गच्च्या आणि बाग यांची आखणी टॉमस मॉसन यांची आहे. हे उद्यानरचनाकार विंडरमियरचेच होते आणि पुढे त्यांचे नाव बरेच दूरवर गेले.

चौथी पायरी : खोल्या कोणत्या क्रमाने पाहाव्यात

हे घर पाहण्याचा एक योग्य क्रम आहे आणि तो वास्तुकारानेच घालून दिला आहे: आधी मुख्य दालन, मग भोजनगृह, मग लांब मार्गिका आणि शेवटी पांढरी बैठक. अनेक जण आत येताच टोकाच्या प्रकाशाकडे ओढले जाऊन थेट पांढऱ्या बैठकीत जातात. तसे करू नये. अंधाराची किंमत मोजल्याशिवाय त्या उजेडाची किमया उलगडत नाही.

मुख्य दालन काळसर ओकच्या लाकडाचे आहे. त्याचा काही भाग दुमजली उंच, काही भाग मुद्दाम ठेंगणा ठेवला आहे, म्हणजे एकाच दालनात मोठ्या मेळाव्याची जागाही आहे आणि दोघांनी शेकोटीपाशी गुजगोष्टी करण्याचा कोपराही आहे. शेकोटी भिंतीत आत घेतलेली आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना बसण्याचे ओटे आहेत. त्या कोनाड्यात जाऊन बसावे. ब्लॅकवेलमध्ये दोऱ्या बांधून पाहुण्यांना दूर ठेवलेले नाही. खिडक्यांतील आणि शेकोट्यांजवळील बैठकांवर बसण्याची मुभा आहे, आणि बसल्याखेरीज हे घर समजतही नाही. उभ्याने जे छत दडपणारे वाटते, तेच बसल्यावर आसरा वाटू लागते.

भिंतीवर बसवलेल्या लाकडी तावदानांच्या (फळ्यांच्या) वर मोरांची एक पट्टी भिंतीभर फिरते. हा शँड किड यांच्या कारखान्याचा भिंतीचा कागद आहे, आणि तो मूळचा आहे. मोर हा त्या काळच्या इंग्लिश सजावटीतला आवडता पक्षी होता. आपल्या पैठणीच्या पदरावर मोर पाहत आलेल्या नजरेला या मोरांची मांडणी निराळी वाटेल. ते ठसठशीत, मोठे, झाडांच्या ओळींत बसवलेले आहेत आणि संपूर्ण दालनाला वरून बांधून ठेवतात.

आता डोळा बारीक गोष्टींकडे वळवावा. दालनातील तावदानांवर लाल बोरांच्या घोसांसारखी फळे आणि पाने कोरलेली दिसतील. ते रोवन नावाचे डोंगरी झाड. होल्ट कुटुंबाच्या कुलचिन्हातून ते आले आणि घरभर पसरले: लाकडात, गिलाव्यात, काचेत. हे कोरीवकाम केंडल येथील आर्थर सिम्प्सन यांच्या कार्यशाळेतले आहे. केंडल म्हणजे तेच गाव, ज्यावरून आपली छोटी गाडी आली. खिडक्यांच्या कड्या आणि दारांच्या मुठी यांनाही पाने फुटली आहेत. दाराची कडी ही वस्तू दिवसातून अनेकदा हाताला लागते, म्हणून ती सुंदर असली पाहिजे, हा विचार या घरात शेवटच्या खिळ्यापर्यंत पाळला गेला आहे. बरोबर मुले असतील तर त्यांना रोवनची फळे मोजण्याचे काम द्यावे; ती मोठ्यांच्या आधी नव्या जागा शोधून काढतात.

भोजनगृहातील भिंतींवर तागाच्या जाड कापडाची छापील आच्छादने आहेत आणि त्यांवर रानफुले आहेत. शंभराहून अधिक वर्षांचे कापड भिंतीवर टिकणे दुर्मीळ आहे, म्हणून या खोलीत उजेड मर्यादित ठेवतात. खोली अंधारी वाटली तर डोळे सरावेपर्यंत थांबावे. येथे आणि इतरत्र शेकोट्यांभोवती दिसणाऱ्या फरशांपैकी त्या काळचे कुंभकार विल्यम डी मॉर्गन यांच्या फरशा विशेष निरखाव्यात. त्यांतील निळ्या-हिरव्या रंगछटांवर इराणी आणि तुर्की कुंभकामाचा संस्कार आहे.

मग मार्गिकेतून पश्चिमेकडे चालत जावे आणि पांढऱ्या बैठकीत प्रवेश करावा. सगळे जड लाकूड मागे राहते. भिंती पांढऱ्या, छत पांढरे, छतावर गिलाव्यातली पाने आणि फुले, आणि शेकोटीभोवती बोटांएवढ्या नाजूक वाटणाऱ्या खांबांची रांग. प्रत्येक खांबाच्या माथ्यावरचे कोरीवकाम वेगळे आहे: कुठे फळे, कुठे पाने, कुठे पानांत दडलेला पक्षी. पश्चिमेच्या मोठ्या खिडकीतून सरोवर आणि त्यापलीकडचे कॉनिस्टनचे डोंगर दिसतात. घरभर राखून ठेवलेला देखावा तो हाच. माझ्या मते विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरच्या इंग्लिश वास्तुकलेतली ही सर्वांत मोकळी खोली आहे. येथे किमान वीस मिनिटे द्यावीत आणि त्यांतला बराच वेळ खिडकीतल्या बैठकीवर बसून काढावा.

वरच्या मजल्यावरील शयनगृहांत बदलती प्रदर्शने असतात. ती विषय आवडल्यास पाहावीत. मात्र घरात ठेवलेल्या खुर्च्या, मेजे आणि कपाटांकडे दुर्लक्ष करू नये. त्यांतील बरीचशी होल्ट कुटुंबाची नसून त्याच काळातल्या आणि त्याच विचाराच्या कारागिरांची आहेत, आणि संस्थेने नंतर मिळवलेली आहेत.

इतके सारे टिकले कसे, हा प्रश्न मनात येतोच. पहिल्या महायुद्धात, 1915 मध्ये, होल्ट यांचा थोरला मुलगा गॅलिपोलीच्या मोहिमेत मारला गेला आणि त्यानंतर कुटुंबाचे येथे येणे कमी होत गेले. वापर कमी झाला, म्हणून नव्या फॅशनप्रमाणे बदलही झाले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात लिव्हरपूलजवळची मुलींची एक शाळा बॉम्बहल्ल्यांपासून दूर म्हणून येथे हलवण्यात आली. घर पुढेही अनेक वर्षे शाळाच राहिले आणि नंतर निसर्गसंवर्धनाच्या सरकारी खात्याचे कार्यालय झाले. 1999 मध्ये संस्थेने ते विकत घेतले आणि दुरुस्ती करून 2001 मध्ये लोकांसाठी खुले केले. शाळकरी मुलींच्या पिढ्या ज्या कोरीव खांबांजवळून धावत गेल्या, ते खांब आज शाबूत आहेत, यात मूळ कामाच्या मजबुतीचे श्रेय मोठे आहे.

घरासाठी एकूण दोन ते अडीच तास धरावेत. छायाचित्रे काढावयाची असल्यास स्वागतकक्षात विचारावे आणि कॅमेऱ्याचा फ्लॅश टाळावा.

पाचवी पायरी : जेवण

दोन्ही ठिकाणी उपाहारगृह आहे. दुपारचे जेवण जेटीवर घ्यावे असे मी सुचवीन, कारण तिथले उपाहारगृह पाण्यालगत आहे. शाकाहारी मंडळींना ब्रिटनमध्ये आता फारशी अडचण येत नाही. भाजलेला बटाटा, सूप-पाव, सँडविच यांवर वेळ भागतो. परंतु सूप कशाच्या रसात केले आहे आणि चीजमध्ये प्राणिज रेनेट (दूध विरजवणारा पदार्थ) आहे का, हे ज्यांना पाळावयाचे आहे त्यांनी विचारून घ्यावे. कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्यांनी डबा बरोबर ठेवावा.

सहावी पायरी : विंडरमियर जेटी

येथे आल्याबरोबर पहिले काम म्हणजे त्या दिवशी जुन्या बोटीतून फेरी आहे का, हे स्वागतकक्षात विचारणे. 1902 साली बोनेसमध्येच बांधलेली ऑस्प्रे ही वाफेची बोट संग्रहालयाने पाण्यावर चालती ठेवली आहे. फेऱ्या ऋतूवर, हवेवर आणि बोटीच्या तब्येतीवर अवलंबून असतात. जागा थोड्या असतात, म्हणून शक्य असल्यास हे सकाळीच विचारून ठेवावे आणि बाकीचा दिवस त्या वेळेभोवती बसवावा. वाफेच्या इंजिनाचा आवाज इतका सौम्य असतो की बोटीत हळू आवाजातही बोलता येते, हे अनुभवल्याशिवाय पटत नाही.

येथे पूर्वी वाळू आणि खडी काढण्याचा उद्योग होता. 1977 मध्ये जॉर्ज पॅटिन्सन या स्थानिक गृहस्थांनी आपला बोटींचा संग्रह लोकांसमोर मांडून वाफेच्या बोटींचे संग्रहालय सुरू केले. ते 2006 मध्ये बंद पडले. लेकलंड आर्ट्सने हा संग्रह हाती घेतला आणि कारमोडी ग्रोर्क या वास्तुकारांकडून नव्या इमारती बांधून घेऊन मार्च 2019 मध्ये तो पुन्हा खुला केला. तांब्याच्या पत्र्याने मढवलेल्या, पुढे झुकलेल्या छपरांच्या या इमारती जुन्या बोटघरांची आठवण ठेवतात, तरी जुन्याचे सोंग आणत नाहीत. 2021 मध्ये वास्तुकलेसाठीच्या ब्रिटनमधील स्टर्लिंग पारितोषिकाच्या अंतिम यादीत त्यांचा समावेश झाला होता. एका इमारतीत सरोवराचे पाणीच आत घेतले आहे आणि बोटी छताखाली तरंगत्या ठेवल्या आहेत.

बोटी पाहताना काय पाहावे, हे आधी ठरवावे, नाहीतर चाळीसच्या आसपासच्या संग्रहात सगळ्या सारख्याच दिसू लागतात. पहिली गोष्ट म्हणजे अंग कसे बांधले आहे. काही बोटींत वरच्या फळीची कड खालच्या फळीवर चढवलेली असते आणि बाजूला पायऱ्यांसारख्या रेघा दिसतात. काहींत फळीला फळी कडेने भिडवलेली असते आणि अंग गुळगुळीत असते. दुसरी गोष्ट, बोट पाण्यात आहे की कोरड्या जागी. लाकूड पाण्यात फुगते आणि सांधे घट्ट बसतात. दीर्घकाळ कोरड्यात राहिल्यास ते आकसते आणि सांधे उघडे पडतात. त्यामुळे बोट जतन करणाऱ्यांपुढे नेहमी पेच असतो की तिला चालती ठेवावी की जशी मिळाली तशी थांबवावी. येथील दुरुस्तीची कार्यशाळा पाहुण्यांना पाहता येते, आणि कारागीर हाताशी काम नसेल तेव्हा मनमोकळेपणे उत्तरे देतात. ही संधी सोडू नये.

आता काही बोटी नावानिशी. डॉली ही 1850 च्या सुमाराची वाफेची नौका. 1895 च्या कडाक्याच्या हिवाळ्यात ती शेजारच्या अल्सवॉटर सरोवरात बुडाली आणि 1962 मध्ये पाणबुड्यांनी तिला वर काढले. तिचे मूळ इंजिन तिच्याबरोबरच आहे, आणि मूळ इंजिनासह टिकलेल्या यांत्रिक बोटींमध्ये ती जगात सर्वांत जुनी मानली जाते. थंड, गोड्या पाण्याच्या तळाशी लाकूड आणि लोखंड खाऱ्या समुद्रापेक्षा कितीतरी चांगले टिकते, त्याचा हा पुरावा आहे.

1896 ची ब्रँक्सम ही ब्लॅकवेलहून येणाऱ्याने सर्वाधिक वेळ देण्यासारखी. सागवानी अंग, आत अक्रोडाच्या लाकडाची तावदाने, मखमली बैठका आणि संगमरवरी हातधुणी. सकाळी घरात जे पाहिले तेच येथे कमी जागेत मांडलेले आहे, फक्त या भिंती वक्र आहेत आणि प्रत्येक सांधा पाण्याच्या हेलकाव्याला पुरला पाहिजे, त्यामुळे सुताराची कसोटी अधिक कठीण. बोटीचे आतले काम काठावरून वाकून, वेगवेगळ्या कोनांतून पाहावे.

एस्परन्स ही 1869 ची लोखंडी बोट बॅरोचे उद्योगपती हेन्री श्नायडर यांची. ते बोनेसला राहत, सकाळी बोटीत बसत, तिथेच न्याहारी उरकत आणि सरोवराच्या दक्षिण टोकाला लेकसाइड स्थानकात उतरून रेल्वेने बॅरोला कामावर जात. लेकसाइडचा रेल्वेमार्गही 1869 मध्येच सुरू झाला होता. म्हणजे चैनीची वाटणारी ही बोट वास्तविक कचेरीत जाण्याचे साधन होती.

वाफेच्या बोटींजवळ चहाचे एक तांब्याचे भांडे दिसेल. विंडरमियर केटल म्हणून ते ओळखले जाते. आत तांब्याची वळलेली नळी असते, तिच्यातून बाष्पकाची (बॉयलरची) वाफ सोडली की भांड्यातले पाणी काही सेकंदांत उकळते. सहलीला निघालेल्या मंडळींचा चहा असा होत असे. चहाची तलफ असणाऱ्या आपल्या लोकांना हे यंत्र नक्कीच आवडेल.

मुलांसाठी लेखन-चित्रण करणाऱ्या बीट्रिक्स पॉटर यांची सपाट तळाची साधी होडी येथे आहे. डोंगरावरच्या मॉस एकल्स या लहान तळ्यावर त्या ती वापरत. वेगवान बोटींत कॅनफ्लाय ही 1922 ची मोटरबोट पाहावी. तिच्यात पहिल्या महायुद्धातील वायूने भरलेल्या तरंगत्या हवाई जहाजांसाठी (एअरशिपसाठी) बनवलेले रोल्स-रॉइसचे हॉक इंजिन आहे. वेगाची ही ओढ या सरोवराने फार जवळून पाहिली. 13 जून 1930 रोजी सर हेन्री सीग्रेव्ह यांनी येथे पाण्यावरील वेगाचा जागतिक विक्रम केला आणि त्याच दिवशी बोट उलटून झालेल्या जखमांनी त्यांचा मृत्यू झाला. 2005 पासून सरोवरावर 10 नॉटची (ताशी सुमारे 18.5 किलोमीटर) वेगमर्यादा आहे, त्यामुळे या शर्यतीच्या बोटींना आपल्या पाण्यावर आता पूर्वीसारखे धावता येत नाही.

जेटीसाठी दोन तास आणि फेरी मिळाल्यास आणखी एक तास धरावा.

क्रम उलटा करावा असा एकच प्रसंग

पांढऱ्या बैठकीला ऊन दुपारनंतर मिळते. उन्हाळ्याचा स्वच्छ दिवस असेल, स्वतःची मोटार असेल आणि ब्लॅकवेल उशिरापर्यंत उघडे असेल, तर सकाळी जेटी आणि दुपारी घर असा क्रम योग्य ठरतो. मात्र अशा वेळी सायंकाळी पुन्हा दहा मिनिटे बोनेसच्या धक्क्यावर जाऊन तिथल्या चालू बोटींचे लाकूडकाम पाहून घ्यावे.

उरलेल्या वेळासाठी

जेटीनंतर दोन-तीन तास हाती असल्यास बोनेसहून लेकसाइडला जाणारी प्रवासी बोट घ्यावी. श्नायडर यांचा रोजचा मार्ग हाच. दक्षिणेकडे जाताना पूर्व काठावर, ब्लॅकवेलच्या खालच्या बाजूला, लांबट पांढऱ्या घराच्या तीन गोलसर फुगवट्यांच्या खिडक्या पाण्याकडे तोंड करून दिसतील. ते ब्रॉड लीज, चार्ल्स व्हॉयसी यांनी 1898 मध्ये आखलेले. बेली स्कॉट यांनी देखावा एका खोलीपुरता राखला, तर व्हॉयसी यांनी सगळे घरच देखाव्याकडे वळवले. एकाच वर्षात, एकाच टेकडीवर, एकाच चळवळीतल्या दोन वास्तुकारांनी एकाच प्रश्नाची अशी दोन उत्तरे दिली. ते घर आता मोटरबोट शर्यतींच्या क्लबचे आहे आणि आत मुक्त प्रवेश नाही, म्हणून ते पाण्यावरूनच पाहावे.

रेल्वेने परतणाऱ्यांसाठी शेवटची सूचना. विंडरमियरचा फाटा एकेरी रुळाचा आहे आणि गाड्या साधारण तासाला एक अशा असतात. बोनेसहून स्थानकाकडे रस्ता चढाचा आहे, आणि उन्हाळ्यातल्या सायंकाळी बसही वाहतुकीत अडकते. ऑक्सनहोमला पुढच्या गाडीचे आरक्षण असेल तर बोनेस किमान एक तास आधी सोडावे.